मार खाणारा हिरो आला कुठून? कुंगफू विनोदपट आणि ‘लोकांना का आवडतात’ हा प्रश्न

पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी जे आराखडे तयार होतात, त्यांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘अमुक गोष्ट लोकांना का आवडते, याचा शोध घेणे.’ कधी ती गोष्ट लावणी असते, कधी रहस्यकथा, कधी क्रिकेट. वाक्यात तसं वावगं काही नाही. कुतूहल तिथूनच सुरू होतं. पण समोर बसलेल्यांपैकी कुणी शांतपणे विचारलं, “उत्तर सापडलं, हे तुम्हाला कळणार कसं?” की पंचाईत होते.

तर आज हेच काम एका उदाहरणावर करून बघू या. उदाहरण मुद्दाम हलकंफुलकं घेतलंय: हाँगकाँगचे जुने कुंगफू विनोदपट. जॅकी चॅनचे सिनेमे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर हिंदीत डब केलेले बघितले असतील. बाक, शिडी, स्टूल, जे हाताला लागेल ते घेऊन मारामारी करणारा, समोरच्याला ठोसा मारल्यावर स्वतःचाच हात झटकत कळवळणारा हिरो. तो आपल्याला आवडतो. आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा ‘का’ कसा विचारायचा?

आधी प्रश्न लहान करा

‘लोकांना का आवडतात’ यात लोक कोण, कुठले, कधीचे, हे काहीच सांगितलेलं नाही. माणसाला दुसऱ्याची फजिती बघायला आवडते, असं उत्तर देऊन मोकळं होता येतं. ते खोटंही नाही. पण ते सगळ्या काळांना आणि सगळ्या देशांना सारखंच लागू पडतं, म्हणून इतिहासाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. इतिहासाला तीन छोटे प्रश्न लागतात: तेव्हाच का? तिथेच का? आणि याच रूपात का?

आपल्या उदाहरणात ‘तेव्हा’ आणि ‘तिथे’ बरंच नेमकं सांगता येतं. साल १९७८, जागा हाँगकाँग. मार्चमध्ये ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ आला आणि ऑक्टोबरमध्ये ‘ड्रंकन मास्टर’. दोन्हींचा दिग्दर्शक युएन वू-पिंग, निर्माता एन्ग सी-युएन, कंपनी त्याची छोटी ‘सीझनल’, आणि नायक जॅकी चॅन. तो त्या वेळी दुसऱ्याच निर्मात्याकडे, लो वेईकडे, करारात अडकलेला होता. दोन चित्रपटांपुरता तो सीझनलला उसना मिळाला होता.

दोन्ही चित्रपटांचा सांगाडा जवळजवळ एकच. पहिल्यात नायक एका कुंगफू शाळेत झाडलोट करणारा अनाथ पोरगा आहे. शिकवायला माणूस कमी पडला की विद्यार्थ्यांना सरावासाठी यालाच बडवायला देतात. मग एक फाटका म्हातारा भेटतो आणि त्याला गुपचूप शिकवतो. दुसऱ्यात नायक चांगल्या घरचा पण वाया गेलेला पोरगा आहे. वैतागलेला बाप त्याला एका दारुड्या वस्तादाच्या हवाली करतो. तो वस्ताद त्याला लाकडी चौकटीला उलटा टांगतो आणि खालच्या बादलीतलं पाणी छोट्या कपांनी वरच्या बादलीत भरायला लावतो. पोरगा रडतो, चिडतो, फसवाफसवी करतो, पळून जातो, परत येतो आणि शेवटी खलनायकाला हरवतो. दोन्ही चित्रपट जोरात चालले आणि पुढच्या काही वर्षांत हाँगकाँगमध्ये या साच्याच्या चित्रपटांची रांग लागली.

आता आपला प्रश्न असा झाला: १९७८ साली हाँगकाँगमध्ये, मार खात शिकणारा आणि हसवणारा नायक इतका का चालला? याची तीन प्रचलित स्पष्टीकरणं आहेत. एकेक तपासू या.

पहिलं स्पष्टीकरण: ब्रूस ली गेला

हे सगळ्यात लोकप्रिय. ब्रूस ली २० जुलै १९७३ रोजी वारला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी. त्याचा नायक धुमसणारा, गंभीर, अजिंक्य. त्याच्या जागी तसाच दुसरा उभा करायचे प्रयत्न फसले, लोक त्या गंभीरपणाला कंटाळले, आणि मग नेमका उलटा नायक आला. कथा म्हणून छान आहे. यात तथ्यही आहे. लो वेईने १९७६ मध्ये जॅकी चॅनला घेऊन ‘न्यू फिस्ट ऑफ फ्युरी’ काढला तो ब्रूस लीच्या गाजलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग म्हणूनच, आणि तो काही चालला नाही.

पण तपासायला लागलात की फटी दिसतात. एक म्हणजे मधली पाच वर्षं. १९७३ ते १९७८ या काळात काय चाललं होतं, हे या कथेत येतच नाही. शॉ ब्रदर्स या बलाढ्य स्टुडिओसाठी लाउ कार-लेउंगने १९७५ मध्येच ‘द स्पिरिच्युअल बॉक्सर’ केला होता. अंगात देव आल्याचं सोंग करून पोट भरणाऱ्या भामट्याची ती गमतीदार गोष्ट. कुंगफू विनोदपटांची सुरुवात बरेच अभ्यासक तिथून धरतात. म्हणजे १९७८ हा आरंभ नसून स्फोट आहे. साम्मो हंगनेही १९७८ मध्येच ‘एंटर द फॅट ड्रॅगन’मध्ये ब्रूस लीच्या भक्तांची टिंगल केली होती. दुसरी फट जास्त मोठी आहे. खुद्द ब्रूस लीच्या ‘वे ऑफ द ड्रॅगन’मध्ये (१९७२, दिग्दर्शनही त्याचंच) रोममध्ये आलेल्या, भाषा न कळणाऱ्या गावंढळ माणसाची फजिती आहे. सुरुवातीचा बराच भाग त्यावरच चालतो. म्हणजे गंभीर ब्रूस ली विरुद्ध गमत्या जॅकी चॅन ही विभागणी आपण नंतर आपल्या सोयीसाठी केलेली आहे.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. ‘पोकळी निर्माण झाली’ हे स्पष्टीकरण फार तर जागा रिकामी झाली एवढं सांगतं. तिथे नेमकं काय येऊन बसलं आणि तेच का, हे सांगत नाही. तुमच्या विषयातही अशी ‘पोकळी’ कुठेतरी लपलेली असणार. शोधा.

दुसरं स्पष्टीकरण: भाषा बदलली, हसू बदललं

हाँगकाँगमध्ये बहुसंख्य लोक कँटोनीज बोलतात. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले चित्रपट जवळजवळ सगळे मँडरीनमध्ये निघत होते. मोठे स्टुडिओ, रंगीत चित्रण, तैवानची आणि आग्नेय आशियातली बाजारपेठ, हे सगळं मँडरीनच्या बाजूला होतं. कँटोनीज चित्रपटांची निर्मिती जवळपास बंदच पडली होती. मग १९७३ मध्ये चोर युएनचा ‘द हाउस ऑफ ७२ टेनंट्स’ आला. एका चाळवजा घरातले भाडेकरू आणि त्यांना छळणारी घरमालकीण यांची ती कँटोनीज गोष्ट. त्या वर्षी हाँगकाँगच्या तिकीटखिडकीवर या चित्रपटाने ‘एंटर द ड्रॅगन’लाही मागे टाकलं. पुढच्याच वर्षी टीव्हीवरून पडद्यावर आलेल्या मायकेल हुईचा ‘गेम्स गॅम्बलर्स प्ले’ आला. तिथपासून रोजच्या बोलीतला, पैशासाठी धडपडणाऱ्या शहरी माणसाचा विनोद हाँगकाँगच्या पडद्यावर रुजला.

हे स्पष्टीकरण पहिल्यापेक्षा भक्कम आहे, कारण यात ‘लोक’ कोण हे कळतं: हाँगकाँगमध्ये वाढलेला, मूळ चीनच्या आठवणींपेक्षा या शहराशी जास्त जोडला गेलेला तरुण प्रेक्षक. शिवाय दोन प्रवाह एकमेकांत मिसळल्याचा प्रत्यक्ष पुरावाही आहे. हुईच्या ‘द प्रायव्हेट आइज’मध्ये (१९७६) स्वयंपाकघरातली एक मारामारी आहे. तिथे सॉसेजची माळ ब्रूस लीच्या नानचाकूसारखी फिरवली जाते. त्या चित्रपटाची मारामारी बसवली होती साम्मो हंगने. म्हणजे विनोदपट आणि कुंगफूपट बनवणारी माणसं एकमेकांच्या सेटवर काम करत होती. ‘प्रभाव पडला’ असं हवेत म्हणण्यापेक्षा ‘अमुक माणूस अमुक साली दोन्हीकडे कामाला होता’ हे वाक्य कितीतरी वजनदार असतं.

तरी एक गोष्ट उरतेच. बोलीभाषेतला विनोद शब्दांवर चालतो. ‘ड्रंकन मास्टर’ मात्र शब्द न कळणाऱ्यांनाही हसवतो. तुम्ही हिंदी डबिंगमध्ये बघितलात, कुणी इंग्रजीत. भाषांतरात शाब्दिक कोट्या बहुतेक गळून पडल्या, तरी तुम्ही हसलात. ते हसू कुठून आलं? त्यासाठी शरीराकडे वळावं लागतं.

तिसरं स्पष्टीकरण: ज्यांचं रंगमंच गेलं ती शरीरं

जॅकी चॅन, साम्मो हंग, युएन बियाओ, युएन वाह ही सगळी मुलं एकाच गुरूच्या हाताखाली शिकली. हा गुरू म्हणजे यू जिम-युएन. हाँगकाँगमध्ये तो पेकिंग ऑपेराची निवासी शाळा चालवायचा. लहानपणीच मुलांना करारावर तिथे ठेवायचं. पहाटेपासून रात्रीपर्यंत कोलांट्या, हातांवर उभं राहणं, लाथा, शस्त्रं, गाणं, रंगभूषा. त्यातल्या निवडक मुलांचा ‘सेव्हन लिटल फॉर्च्युन्स’ या नावाचा संच कार्यक्रम करायचा.

आता काळाचा विनोद बघा. ही मुलं ज्या कलेसाठी घडवली जात होती, त्या कलेचा प्रेक्षक हाँगकाँगमध्ये आटत चालला होता. त्यात पेकिंग ऑपेराची भाषा तिथल्या लोकांची भाषाच नव्हती. शिक्षण पुरं होईपर्यंत नाटकात काम उरलं नाही आणि ही पोरं चित्रपटांत पडझडीची कामं करायला लागली. १९७२ च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’मध्ये आणि १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये जॅकी चॅन असाच एक निनावी मार खाणारा आहे. ‘एंटर द ड्रॅगन’च्या सुरुवातीला ब्रूस लीशी लढतो तो साम्मो हंग. ब्रूस लीच्या हवेतल्या कोलांट्या त्याच्याऐवजी मारल्यात त्या युएन वाहने. म्हणजे ब्रूस लीच्या काळात ही मंडळी पडद्यावर होतीच, फक्त चेहरा दिसत नव्हता.

पेकिंग ऑपेराने त्यांना दिलं काय? एक म्हणजे विनोद आणि लढाई एकाच अंगात असण्याची सवय. या नाट्यप्रकारात विदूषकाच्या भूमिकेचा एक स्वतंत्र पोटप्रकार आहे, वूचोउ, म्हणजे लढणारा विदूषक. ‘सान्चाकोउ’ नावाचा गाजलेला प्रवेश त्याचं उत्तम उदाहरण. रात्रीची वेळ, सराईतली अंधारी खोली, दोन माणसं एकमेकांना शोधत लढतायत. पण रंगमंचावर लख्ख उजेड असतो. अंधार फक्त नटांच्या हालचालींत. तलवार नाकासमोरून सरकते आणि दोघांना पत्ता नसतो. आपण श्वास रोखतो आणि हसतोही. कुंगफू विनोदपटाचा गाभा इथे आयता तयार होता.

दुसरी गोष्ट म्हणजे ताल. ऑपेरात वेगवान हालचालींची एक लड संपली की झांज-घंटेच्या ठोक्यावर नट क्षणभर गोठतो, मुद्रा दाखवतो. चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल याने ‘प्लॅनेट हाँगकाँग’ (२०००) या पुस्तकात हाँगकाँगच्या मारामारीची लय उलगडून दाखवली आहे: थांबा, स्फोट, पुन्हा थांबा. विनोदाची लयही नेमकी हीच असते. फटका बसतो, मग एक क्षण काहीच होत नाही, मग चेहऱ्यावर कळ उमटते. मारामारीचं आणि विनोदाचं टायमिंग वेगळं शिकायची या मुलांना गरजच नव्हती. आणि हे सगळं दिसायचं तर कॅमेऱ्याला थोडं लांब राहून डोक्यापासून पायापर्यंत माणूस दाखवावा लागतो. तसा दाखवायला अंगात खरंच कौशल्य असलेला नट लागतो. तो यांच्याकडे होता.

हे स्पष्टीकरण ‘याच रूपात का’ याचं उत्तर देतं. पण ‘तेव्हाच का’ याचं एकट्याने देऊ शकत नाही. कारण ऑपेरातली माणसं चित्रपटांत आधीपासून होतीच. दिग्दर्शक युएन वू-पिंगचे वडील युएन सिउ-तिएन त्याच परंपरेतून येऊन कित्येक वर्षं चित्रपटांत मारामारी बसवत होते. त्यामुळे दुसरं आणि तिसरं स्पष्टीकरण एकत्र ठेवावं लागतं: बोलीतला, शहरी, मोठ्यांची खिल्ली उडवणारा विनोद रुजलेला प्रेक्षक आणि रंगमंच गमावलेली, तिशीच्या आतली, तयार शरीरं. १९७८ मध्ये या दोन गोष्टी एका छोट्या कंपनीत एकत्र आल्या. छोटी कंपनी हा योगायोग समजू नका. प्रस्थापित निर्मात्याकडे हाच नट पडून होता. लो वेईसाठी जॅकी चॅनने ‘हाफ अ लोफ ऑफ कुंगफू’ हा विनोदी चित्रपट केला होता, तो डब्यात राहिला आणि १९८० मध्ये, ‘ड्रंकन मास्टर’ गाजल्यावर, बाहेर आला. प्रदर्शनाच्या तारखांवरून क्रम लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चित्रपट कधी बनला आणि कधी लागला, या दोन वेगळ्या तारखा असतात.

पण हसतोय कशाला?

इथपर्यंत आलात तर चांगला निबंध होईल. संशोधनाला अजून एक पायरी लागते: हे चित्रपट नेमकं कशाची गंमत करतात, ते बघायला हवं.

‘ड्रंकन मास्टर’मधल्या त्या वाया गेलेल्या पोराचं नाव वाँग फेई-हुंग आहे. हा खराखुरा माणूस. ग्वांगडोंग प्रांतातला हाडवैद्य आणि कुंगफूचा गुरू, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वारलेला. १९४९ पासून क्वान तक-हिंग या नटाने त्याची भूमिका सत्तरहून जास्त चित्रपटांत केली. त्यातला वाँग म्हणजे धीरगंभीर, नीतिमान, शिष्यांना आवरणारा आजोबा. हाँगकाँगच्या प्रेक्षकाला वाँग म्हटलं की हाच चेहरा आठवायचा. त्या माणसाला युएन वू-पिंगने उनाड, पोरींची छेड काढणारा, फुकटचं खाऊन पळणारा पोरगा केला. ही थट्टा बाहेरच्या माणसाला अर्धीच कळते. कँटोनीज प्रेक्षकाला ती पहिल्या मिनिटात कळली. आणि परंपरा रागावली का? १९७९ च्या ‘मॅग्निफिसंट बुचर’ या विनोदपटात क्वान तक-हिंग स्वतःच वाँग म्हणून आला. दिग्दर्शक पुन्हा युएन वू-पिंगच. जुना वाँग नव्या थट्टेत सामील झाला.

पण माझ्या मते खरी गंमत वाँगची नाही, शिकवणीची आहे. चित्रपटाचा मोठा भाग मारामारीत जातो असं आपल्याला वाटतं. लक्ष देऊन बघा, मनात राहतं ते प्रशिक्षण. उलटं टांगणं, बोटांनी अक्रोड फोडणं, थरथरत्या मांड्यांनी बसून राहणं. त्याच वर्षी शॉ ब्रदर्सचा ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ आला. त्यातही जवळजवळ हेच आहे: एकामागून एक कठोर दालनं आणि त्यांतून घडणारा शिष्य. तिथे ते गंभीर आहे, उदात्त आहे. एकाच वर्षी एकाच शहरात एकच विषय दोन सुरांत चालतो, तेव्हा विषयातच काहीतरी ओढ आहे असं समजायला हरकत नाही. ज्या शहरात घराघरांतली तरुण पोरं कारखान्यांत, दुकानांत, कार्यशाळांत वरिष्ठांच्या हाताखाली राबत होती, तिथे ‘वस्ताद छळतो, पण शिकवतो’ ही गोष्ट परकी नव्हती.

आता जरा अस्वस्थ करणारा भाग. ज्यांनी ही गंमत करून दाखवली त्यांचं स्वतःचं शिक्षण कसं झालं होतं? जॅकी चॅनच्या १९९८ सालच्या आत्मचरित्रात दहा वर्षांच्या कराराचं, छडीच्या माराचं, एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना होणाऱ्या शिक्षेचं वर्णन आहे. मुलांच्या कार्यक्रमांची कमाई गुरूकडे जायची. शालेय शिक्षण नावापुरतं. याच शाळेवर १९८८ मध्ये ‘पेंटेड फेसेस’ हा चित्रपट निघाला. त्यात गुरूची भूमिका कुणी केली? साम्मो हंगने, म्हणजे त्याच गुरूच्या शिष्याने. तिथे मार आहे, पण त्यावर स्मरणरंजनाची मऊ साय आहे. आणि ‘ड्रंकन मास्टर’मधला तो निर्दय दारुडा वस्ताद? तो युएन सिउ-तिएनने केला. दिग्दर्शकाच्या सख्ख्या वडिलांनी, ज्यांनी आपल्या मुलांना या धंद्यात घडवलं होतं.

म्हणजे मुलगा कॅमेऱ्यामागे उभा राहून बापाला छळवादी गुरू म्हणून दाखवतोय, आणि खऱ्या शाळेत मार खाल्लेला पोरगा पडद्यावर त्या बापाचा मार खातोय. मग हे चित्रपट त्या मारावर सूड उगवतात की त्याचं समर्थन करतात?

माझं वाचन असं आहे. ‘ड्रंकन मास्टर’मध्ये मध्यावर नायक पळून जातो. बाहेर त्याला खलनायक भेटतो, जबर मारतो, त्याच्या मांड्यांखालून रांगायला लावतो. अपमान झालेला पोरगा परत वस्तादाकडे येतो, या वेळी स्वतःच्या पायांनी. तिथून पुढचं प्रशिक्षण त्याने स्वतः मागितलेलं असतं. करारावर ठेवलेल्या मुलाला हेच करता येत नव्हतं. चित्रपट बंधनाचं निवडीत रूपांतर करतो, आणि मग त्या दुःखावर निश्चिंतपणे हसायची मुभा देतो. आठ दारुड्या देवांच्या आठ शैलींपैकी शेवटची, हो नावाच्या देवीची, नायकाने बायकी वाटते म्हणून शिकलेलीच नसते. शेवटच्या लढतीत तिचीच गरज पडते आणि तो जागच्या जागी स्वतःची घडवतो. गुरूने दिलेलं सगळं हवंच, पण जिंकण्यासाठी न शिकवलेलं काहीतरी शिष्याने स्वतः जोडावं लागतं. सूड आणि समर्थन दोन्ही एकाच वेळी आहेत, आणि आकर्षण या दोन्हींच्या मधल्या ताणातून येतं, असं मला वाटतं.

हे वाचन आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण ते तपासता येतं, हे महत्त्वाचं. याच साच्यातले १९७८ ते १९८२ मधले चित्रपट घेऊन बघता येईल: शिष्य पळतो का, परततो का, का परततो, गुरूचं शेवटी काय होतं. बहुतेकांमध्ये पळून परतणं नसेल, तर माझं म्हणणं कोसळतं. उत्तर सापडलं हे कसं कळणार, या सुरुवातीच्या प्रश्नाला मी देऊ शकेन ते उत्तर हे: कशाने माझं म्हणणं खोटं ठरेल, ते मला सांगता येतं.

तीन धोक्याच्या जागा

पहिली, कालक्रमाची. जॅकी चॅन म्हटलं की अभ्यासक लगेच बस्टर कीटन आणि हॅरॉल्ड लॉइड यांची नावं घेतात. ‘प्रोजेक्ट ए’मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून लोंबकळतो आणि कापडी छपरं फाडत खाली पडतो. हा लॉइडच्या १९२३ च्या ‘सेफ्टी लास्ट’ला केलेला उघड नमस्कार आहे. पण ‘प्रोजेक्ट ए’ १९८३ चा. पाच वर्षांनंतरच्या पुराव्यावरून १९७८ चं कारण सांगता येत नाही. नंतरचा जॅकी चॅन आधीच्यावर लादू नका.

दुसरी, आत्मचरित्राची. ते उत्तम साधन आहे, पण जगप्रसिद्ध झाल्यावर, प्रसिद्धीच्या भाषेत लिहिलेलं. ‘मी मार खाल्ला म्हणून घडलो’ ही गोष्ट सांगणारा यशस्वी माणूस असतो. त्याच शाळांतून बाहेर पडलेली, जायबंदी झालेली, चेहरा न दिसलेली मुलं आत्मचरित्र लिहीत नाहीत. यशस्वी माणसांच्या साक्षीवरून पद्धतीचा निकाल लावू नये.

तिसरी, कोण दिसत नाही याची. मी वर फक्त गुरू आणि पोरगा, दोन्ही पुरुष, यांच्याबद्दल बोललो. ‘ड्रंकन मास्टर’मध्ये देवीची शैली हा बायकी हावभावांचा विनोद आहे. पण त्याच काळात लाउ कार-लेउंगने ‘माय यंग आंटी’ (१९८१) केला. त्याची नायिका कारा हुई हिला पहिल्याच हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तिथे नात्याने मोठी असलेली तरुण बाई घरातल्या पुरुषांना वठणीवर आणते. माझं ‘वस्ताद आणि पठ्ठा’चं सूत्र या चित्रपटाला कितपत लागू पडतं? नीट लागू पडत नाही. तिथे दुसरा प्रश्न विचारावा लागेल, आणि तो तुमच्यापैकी कुणी विचारला तर मला आनंदच होईल.

पुढे काय झालं

हा साचा फार काळ टिकला नाही. १९८० मध्ये जॅकी चॅन ‘द यंग मास्टर’सोबत गोल्डन हार्वेस्टकडे गेला. ‘प्रोजेक्ट ए’ आणि १९८५ च्या ‘पोलीस स्टोरी’पर्यंत गुरू, तालीम, जुना चीन हे सगळं मागे पडलं होतं. राहिलं ते पडणं. १९८० च्या दशकात त्याच्या चित्रपटांच्या शेवटी फसलेली दृश्यं दाखवायची पद्धत रूढ झाली. कोण कुठे आपटला, कुणाला उचलून नेलं, तेही हसत. आधी प्रशिक्षणाचा त्रास गोष्टीत होता, आता दुखापत हाच खरेपणाचा दाखला झाला.

आणि ज्या शाळांनी ही शरीरं घडवली त्या तोवर बंद पडल्या होत्या. यू जिम-युएनची शाळा १९७० च्या दशकातच मिटली. तशी शाळा पुन्हा उघडावी असं कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये. पण त्यामुळे या चित्रपटांमागे माणसांची एकच पिढी उभी आहे, जी पुन्हा तयार होणार नाही. जुना ‘ड्रंकन मास्टर’ बघताना आपल्याला जे विशेष वाटतं, त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे. ती सहजता दहा वर्षांच्या सक्तीने आलेली आहे, आणि आपण तिच्यावर हसतोय. संशोधकाने हसू बंद करायची गरज नाही. हिशोबात दोन्ही बाजू मांडाव्यात, इतकंच.

आता तुमचा आराखडा उघडा. ‘लोकांना का आवडते’ हे वाक्य असेल तिथे पेन्सिलने तीन प्रश्न लिहा: तेव्हाच का, तिथेच का, याच रूपात का. प्रत्येकासमोर सध्या तुमच्याकडे असलेलं स्पष्टीकरण लिहा आणि त्याच्या बाजूला, ते कुठल्या पुराव्याने कोसळेल ते. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर गाइडला भेटण्याआधी आणखी आठवडाभर वाचन करा.